अणुबॉम्बच्या मीटिंगला वर गेलेला हात

माझा उजवा हात माझं ऐकत नाही. फळीवरचा पिठाचा डबा काढायचा असला की तो खांद्यापासून ठणकतो, सुनेला हाक मारावी लागते. पण चार माणसांनी मीटिंगमध्ये हात वर केले की हाच हात कसा सरळ, झेंड्याच्या काठीसारखा उभा राहतो. मी खालून बघत राहते. हा कुणाचा गं बाई?

मागच्या उन्हाळ्यात सीमेवर विमानं उडायला लागली. टीव्हीवरचे लोक कुणाकडे किती अणुबॉम्ब आहेत ते ओरडून सांगायला लागले. आमच्या घरी तेव्हा नातीच्या लग्नाचा बस्ता बांधून झाला होता. नवरदेव युसूफ वडगाव नावाच्या गावचा, नोकरीला गुजरातेत. रविवारी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, विहारासमोरच्या मैदानात लग्न. त्याला सुट्टी तेवढीच होती. हुकलं तर थेट दिवाळी, आणि दिवाळीपर्यंत सोयरीक टिकवायची म्हणजे दोन्ही घरच्या बायकांना सहा महिने गोड बोलावं लागणार. ते कसं जमायचं?

आमचं गाव परळीपासून जवळ. गच्चीवर चढलं की थर्मलची, म्हणजे वीजकेंद्राची, चिमणी दिसते. त्यामुळे बॉम्ब पडला तर पहिला परळीवर, हे गावानं पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. हे सांगताना लोकांच्या तोंडावर भीती कमी आणि ऐट जास्त.

"बीडवर कशाला टाकतेल?" पारावर एकजण म्हणत होता. "तिथं काय हाय? कचेऱ्या आन् क्लासेस!"

खरं सांगते, मलाही चेव आला होता. रोज भांडी तशीच टाकून टीव्हीपुढे बसायचे. पंचायतीत बैठक आहे असं कळलं तेव्हा कुणी बोलावलं नसताना चप्पल घालून निघाले. माजी सदस्य आहे मी. तेवढा मान घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही.

तिथे तिघं पुढे बसले होते. एक सरपंच, म्हणजे सरपंचबाईंचा नवरा. खऱ्या सरपंच त्या वेळी घरी भाकरी थापत होत्या. दुसरे सोसायटीचे चेअरमन. तिसरे माजी सरपंच, माझ्या वयाचे, त्यांना मी दादा म्हणते. मागे पंधरावीस गडी.

चेअरमननं सुरुवात केली. "रातीचं गावात एक बल्ब जरी दिसला, तरी वरचा पायलट म्हणंल, हीच परळी."

"बल्बचं काय घेऊन बसले?" सरपंच म्हणाले. "बिडीसुदिक पेटवायची न्हाई कुणी."

दादांना मागे राहणं जन्मात जमलेलं नाही. "बिडी? आरं, चूल बंद! दिस बुडायच्या आत जेवायचं आन् गप पडायचं."

मागून कुणीतरी शिट्टी मारली. प्रत्येक वाक्याला बैठक दोन बोटं वर चढत होती. काय मजा येत होती म्हणून सांगू! शेवटी सरपंच उभे राहिले.

"तर मग लढाई संपंस्तोर गावात कसलाच कार्यक्रम न्हाई. मांडव न्हाई, माळा न्हाई, डीजे न्हाई. हाय का सगळ्यांची संमती?"

हात वर गेले. माझा पहिला.

"बघा, बघा!" सरपंच म्हणाले. "रविवारी नातीचं लग्न आसून मावशीनं आधी हात केला. ह्याला म्हणतेत देशप्रेम!"

टाळ्या पडल्या. मी हसून मान डोलवली, आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला.

तुम्हाला वाटेल म्हातारपणामुळे झालं. छे. तरुणपणी मी याहून वस्ताद होते. वाळवंटात अणुचाचण्या झाल्या तेव्हा मी महिला राखीव जागेवर नवी नवी सदस्य. ती बातमी आली तो दिवस नेमका बुद्धपौर्णिमेचा. दिवसभर पांढरं पातळ नेसून विहारात शांततेवरचं प्रवचन ऐकलं, डोळ्यांना पदर लावला, खीर वाढली. पुढच्या बैठकीत सरकारच्या अभिनंदनाचा ठराव आला. पेढ्यांचं ताट फिरत होतं. अणू म्हणजे काय हे त्या पांढऱ्या पातळवालीला ठाऊक नव्हतं. शेजारणीला विचारलं तर ती म्हणाली, "बारीक आसतंय काय तरी." एवढ्या माहितीवर आम्ही दोघींनी हात वर केले आणि दोन दोन पेढे उचलले. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, आज आमी देशाचं लई मोठं काम केलं. तो म्हणाला, कंचं? मी म्हटलं, तुला न्हाई कळायचं!

तर आता त्याच बाईनं नातीचा मांडव मोडला होता. घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. मुलगा उठून बाहेर गेला. सून बोलली.

"आत्याबाई, तुमाला तिथं बोलावलं कुणी होतं?"

नात मोबाइलमध्ये डोकं घालून कोपऱ्यात बसली होती. तिनं वरसुद्धा बघितलं नाही.

सकाळी उठून मी तिघांची दारं ठोठावायला निघाले. आधी चेअरमन. ते गोठ्यात म्हशीला पाणी दाखवत होते. इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "मावशी, खरं सांगू का? आपल्या गावावर कोण टाकतंय बॉम्ब? पण सरपंच लई तापलेले. मी एकट्यानं न्हाई म्हणलं आस्तं तर गावानं मला दुश्मनाचा जावई केलं आस्तं."

मग सरपंच. "मी नुस्तं बिडीचं म्हणलो हुतो, मावशी. पर चेअरमन येवढं इचार करून बोलले. त्यांचा भाचा फौजेत हाय, त्यांला कायतरी कळलं आसंल."

चेअरमनचा भाचा फौजेत आहे, पण कँटीनला.

दादा ओट्यावर तोंड पाडून बसले होते. "चूल बंद म्हणून आलो, तर रात्री बायकोनं गार भाकर आन् कांदा पुढ्यात ठिवला. म्हणली, तुमचाच हुकूम."

"मग बोलले कावून?"

"ते दोघं बोलत हुते ना! त्यांला वरून आदेश आल्याबिगर का बोलतेल?"

मी तिथेच ओट्यावर टेकले. मला हसू फुटलं होतं, आणि हसता हसता मी तिघांचं बोलणं जुळवून बघितलं. आदेश कुणालाच नव्हता. तिघांनाही मनातून ते नको होतं, आणि तिघांनी मिळून छाती फुगवून ते केलं होतं. आमच्या या तिघांच्या हाताखाली लायटिंगच्या माळा आणि एक डीजे. पण अशाच एखाद्या टेबलाभोवती इस्त्रीच्या कपड्यातले लोक बसत असतील. इकडेही, तिकडेही. एक बिडीपर्यंत जात असेल, दुसरा चुलीपर्यंत, आणि तिसऱ्याला वाटत असेल की या दोघांना नक्की काहीतरी ठाऊक आहे. त्यांच्या हाताखाली काय आहे ते टीव्हीवाला रोज ओरडून सांगत होता. त्यांच्या बायका त्यांना गार भाकर वाढत असतील का?

पण मला लग्न वाचवायचं होतं. मी तीच दारं उलटी फिरले. दादांना म्हटलं, सरपंच लग्नाला तयार हायत, तुमच्या भिडेनं बोलत न्हाईत. सरपंचांना म्हटलं, चेअरमन कधीचे तयार हायत. चेअरमनला म्हटलं, आता तुमीच एकटे आडून बसलाय, गाव काय म्हणंल? सगळं धडधडीत खोटं. इतकी मजा मला तरुणपणी चोरून चिंचा पाडतानासुद्धा आली नव्हती.

दुपारी पंचायतीसमोर परत माणसं जमली. मी कडेला उभी राहिले.

"लग्न झालंच पायजे!" चेअरमन गरजले. "आपून भेत न्हाई हे दाखवायचं!"

"माळा डबल लावा," सरपंच म्हणाले. "खर्च माझ्याकडं."

"डबल कशाला? येवढ्या लावा की वरच्या पायलटला दिसलं पायजे!" हे दादा. कालची चूल यांचीच.

लोकांनी शिट्ट्या मारल्या. मी पळतच घरी आले. नात तिथेच, तशीच बसली होती.

"उठ गं! रविवारीच हाय लग्न. सगळ्यांला फिरवून आले मी. परळीच्या चिमणीहून जास्ती लाईट तुझ्या मांडवाला!"

तिनं मोबाइल खाली ठेवला. डोळे रडून सुजलेले.

"आजे, सगळ्यांला इचारलं तू?"

"सगळ्यांला!"

"मला कुणी इचारलं?"

मी तिच्याजवळ खाली बसले.

"मला भ्या वाटतंय. रात्री झोप लागत न्हाई. मला लग्न करायचं हाय, पण ती लायटिंग नको, काळोखातली गर्दी नको. सकाळी लावा की. ऊन चढायच्या आत. दिवसा लाईट कशाला लागती? हेच मी मम्मीला पहिल्या दिवसापासून सांगतेय."

सून चुलीपुढून म्हणाली, "म्हणत होती ती." मग स्वतःशीच पुटपुटली, "मीच ऐकलं न्हाई. टीव्ही चालू होता."

मी म्हटलं, चल, तिथं जाऊन सांगू. मला वाटलं मीच बोलेन. पण पोरगी पायात चप्पल अडकवून माझ्या पुढे निघाली. पंचायतीसमोर जाऊन तिघांसमोर उभी राहिली. मागे शिट्ट्या चालूच होत्या.

"काका, लग्न माझं हाय," ती म्हणाली. "मला भ्या वाटतंय. सकाळी नऊला लावायचं. माळा नको."

शिट्ट्या थांबल्या. एवढ्या दोन दिवसांत पंचायतीत बिडी, चूल, पायलट, देश सगळं येऊन गेलं होतं. भ्या वाटतंय, हे कुणी पहिल्यांदाच म्हटलं.

चेअरमननं टोपी काढून मांडीवर ठेवली. "बाई," ते म्हणाले, "मला बी वाटतंय गं. माझं पोरगं पठाणकोटकडं ट्रकवर ड्रायव्हर हाय. तीन दिस फोन लागंना."

फोन लागत नाही हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. सरपंचांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. कुणी ठराव मांडला नाही, संमती विचारली नाही. दादा एवढंच म्हणाले, "नऊ म्हणजे नऊ. वडगावच्या पाव्हण्यांना उशीर करू देऊ नका."

शनिवारी संध्याकाळी लढाई थांबल्याची बातमी आली. चेअरमनच्या पोराचा फोन लागला. तिघंही आमच्या दारात आले. आता भ्या कशाचं, संध्याकाळीच करू, माळा लावू, असं कुणाच्या तरी डोक्यात आलं होतं. नात हळद लागलेल्या तोंडानं उंबऱ्यावर आली आणि नुसती बघत राहिली. तिघं चहा पिऊन गेले.

रविवारी सकाळी त्रिसरण-पंचशील झालं, हार घातले गेले, जेवणं उरकली, आणि ऊन कडक व्हायच्या आत जीप वडगावच्या रस्त्याला लागली. दुपारी नातीचा फोन आला.

"आजे, पोचलो. सासूबाईनं मला काय इचारलं माहिती हाय का?"

"काय?"

"काय खाशील म्हणल्या."

"मग? काय सांगितलं?"

"आईस्क्रीम!" ती म्हणाली. "आन् माणूस गेलाय आणायला."