नोंद आढळून येत नाही

रंभा ओव्हाळ कल्याणच्या एका शिक्षणसंस्थेच्या कचेरीत एकतीस वर्षं नोकरी करत होती. संस्थेच्या सहा शाळा, मोहन्यापासून बाळकुमपर्यंत पसरलेल्या. त्या सहा शाळांतून गेल्या ऐंशी वर्षांत कोण कधी दाखल झालं आणि कोणाचं नाव कधी कमी झालं, हे सांगणारी ही एकच बाई. लोक तिला दाखलेवाल्या मॅडम म्हणत.

ते उगाच नव्हतं. वीस वर्षांपूर्वी सगळी जुनी रजिस्टरं तिनेच संगणकात भरली होती. बत्तीस हजार नावं. त्यात तिची तीन वर्षं गेली आणि उजवा खांदा कायमचा गेला. एके वर्षी पुराचं पाणी गोदामात शिरलं आणि खालच्या फळीवरच्या रजिस्टरांचा लगदा झाला, तेव्हा संस्थेच्या सभेत तिचं अभिनंदन करण्यात आलं. श्रीफळ आणि शाल मिळाली. शाल डोंबिवलीच्या घरी नवऱ्याच्या, महेंद्रच्या, अंगावर असायची. औद्योगिक वसाहतीतल्या रंगाच्या कारखान्यात त्याची हयात गेली होती आणि आता चार पायऱ्या चढला तरी त्याला दम लागायचा.

जुन्या नोंदीतलं नाव शोधणं सोपं काम नाही. मास्तर बदलला की स्पेलिंग बदलायचं. एकाने काळुराम लिहिलं तर दुसऱ्याने काळूराम. कोणी धर्मा, कोणी धरमा. त्यामुळे रंभाबाई अख्खं नाव कधीच टाकत नसत. 'दगड' लिहायचं आणि पुढे स्टार, म्हणजे आठच्या आकड्यावरची चांदणी, द्यायचा, की दगडू, दगडु, दगडोबा सगळे ओळीने खाली उतरायचे. मधल्या एखाद्याच अक्षराची खात्री नसेल तर तिथे प्रश्नचिन्ह टाकायचं. बोटांना ते इतकं सवयीचं होतं की डोळे समोरच्या माणसाकडे असायचे.

मग गेल्या वर्षी जूनमध्ये संस्थेने नवा प्रोग्रॅम घेतला. त्याचं प्रशिक्षण मुख्याध्यापकांना देण्यात आलं, जेवणासकट. कचेरीतल्यांना फक्त सांगितलं, "सगळं तेच आहे हो, रंग तेवढा बदललाय."

त्यानंतर नावं सापडेनाशी झाली. सगळीच नाही, कोणी जुना दाखला घेऊन आला आणि त्यावरचं नाव जसंच्या तसं टाकलं, की नोंद मिळायची. म्हणून तर संशय आला नाही. पण नुसतं तोंडी नाव सांगणारे, आजोबा-पणजोबांचा शोध घेत आलेले, ते रिकाम्या हाताने जायला लागले. पडद्यावर एकच ओळ यायची: नोंद आढळून येत नाही. रंभाबाईंनी संस्थेचे सचिव सुश्रुत नेने यांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "इकडचं तिकडे करताना गेली असतील काही. तसं पत्र द्या ना लिहून."

ती पत्रं देत गेली. खाली सही, शिक्का.

त्यातच बाळकुमचे काळुराम मढवी तीनदा येऊन गेले. मुलगी सान्वी हिला इंजिनिअरिंगला आरक्षणातून जागा मिळाली होती आणि जात पडताळणीसाठी आजोबांच्या शाळेतली जुनी नोंद हवी होती. घरात दुसरा कागद नव्हता. "दगडू धर्मा मढवी. आमच्या बापाने चौथीपर्यंत शाला केलीय, मॅडम. पुन्हा बघा ना." तिने पुन्हा बघितलं. दगड, स्टार. धर, स्टार. तिसऱ्या खेपेला काळुरामांनी पत्र घडी करून खिशात घातलं आणि गेले.

तिच्या स्वतःच्या घरी भावाचं शिक्षण अशाच एका कागदावर झालं होतं. त्या दिवशी घरी जाऊन तिने भाकऱ्या थापल्या, महेंद्रला औषध दिलं, आणि आडवी झाली.

यंदाच्या एप्रिलमध्ये मृणाल गायकर नावाची मुलगी आली. आजीचा पासपोर्ट काढायचा होता, जन्मतारखेचा पुरावा नव्हता. आजीचं माहेरचं नाव रंभा. "तुमचंच नाव, मॅडम," मृणाल हसून म्हणाली.

"मला ठाऊक आहे ही," रंभाबाई म्हणाल्या. "मोहन्याची शाळा. भरताना मी दोन मिनिटं थांबले होते, पहिल्यांदाच आपल्या नावाची कोणीतरी मिळाली म्हणून." त्यांनी टाकलं: रंभा, स्टार.

नोंद आढळून येत नाही.

पुन्हा टाकलं. तेच.

बाकीची नावं वाटेत गळाली असतील, असं त्यांनी वर्षभर मानलं होतं. पण ही एकटी रंभा नव्हे. मोहन्याच्या शाळेत अर्धा डझन तरी रंभा होत्या. त्या सगळ्याच कशा जातील? त्यांनी मृणालला बसवून ठेवलं आणि प्रोग्रॅमवाल्या कंपनीला फोन लावला. कमलेश नावाच्या माणसाने उचलला.

"मॅडम, स्टार नाही चालत याच्यात. पर्सेंट टाका."

"कसलं पर्सेंट?"

"टक्के हो. पाचच्या आकड्यावर असतं ना, ते. जुना प्रोग्रॅम वेगळा होता, त्याच्यात स्टार होता. याच्यात पर्सेंट. आणि एकच अक्षर माहीत नसेल तर क्वेश्चन मार्क नाही, अंडरस्कोअर. खालची रेघ."

"मग मी स्टार टाकला तर ते काय करतं?"

"ते स्टारच शोधतं, मॅडम. ज्याच्या नावात स्टार आहे असा माणूस." कमलेश हसला. "तो कुठून मिळणार?"

"आणि हे आम्हाला कोणी सांगायचं होतं?"

"मॅन्युअलमध्ये आहे ना."

रंभाबाईंनी फोन ठेवला. रंभा लिहिलं, पुढे टक्के. सात रंभा पडद्यावर उतरल्या. चौथी मृणालची आजी. उतारा काढून, सही करून दिला. मृणाल आभार मानत होती, ते त्यांना नीट ऐकूही आलं नाही.

मुलगी गेल्यावर त्यांनी दगड लिहून टक्के दिले, वडिलांच्या नावाच्या रकान्यात धर आणि टक्के. दगडु धरमा मढवी, बाळकुम, १९५१, इयत्ता पहिली. तिथेच होता. वर्षभर तिथेच होता.

त्यांनी जावक वही काढली आणि बोट ठेवून मोजलं. अकरा महिन्यांत त्रेसष्ट पत्रं.

सुश्रुत नेन्यांनी सगळं ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हे, पण त्यांना घाई असायची. "ओव्हाळबाई, वर्ष राहिलंय तुमचं. कशाला अंगावर घेता?"

"अंगावरच आहे, सर. सही माझी आहे."

"बघा, शोधायचं तर शोधा. पण संस्थेच्या कागदावर चूक झाली, दिलगीर आहोत, असलं काही नको. उद्या कोणी कोर्टात गेलं तर?"

मग रोज जेवणाच्या सुट्टीत ती तीन-चार नावं शोधायची. डबा एका हाताशी, वही दुसऱ्या. त्रेसष्टांपैकी एक्केचाळीस सापडले; बाकीचे खरंच नव्हते, किंवा तिला तरी दिसले नाहीत. सापडलेल्यांना फोन लावले. काही नंबर बंद होते. काहींनी दुसरीकडून कागद मिळवला होता. एका बाईने विचारलं, "आता सापडली? आमचे आबा फेब्रुवारीत वारले," आणि फोन ठेवला. प्रत्येक फोननंतर रंभाबाई वहीतल्या त्या नावापुढे खूण करायच्या. राग यावा इतकीही ताकद उरलेली नव्हती.

काळुराम फोन उचलत नव्हते. जूनमधल्या एका रविवारी ती स्वतः बाळकुमला गेली. शेतं होती तिथे आता तिसाव्या मजल्यापर्यंत खिडक्या होत्या. मढवींचं घर मागच्या जुन्या गावठाणात राहिलं होतं. दार सान्वीने उघडलं. बाईंनी नाव सांगितलं, उतारा पुढे केला, आणि झालं ते सगळं सांगितलं, स्टारसकट. संस्थेच्या कागदावर लिहिता येत नव्हतं. तोंडाने बोलायला कोणी मनाई केली नव्हती.

काळुराम बाकड्यावर बसून ऐकत होते. "बाय, आता काय उपेग?" एवढंच म्हणाले. सान्वीची जागा डिसेंबरमध्येच गेली होती. ती ठाण्याला बीएस्सी करत होती.

"तुम्हाला हे कधी कळलं?" सान्वीने विचारलं.

"एप्रिलमध्ये."

"म्हणजे तेव्हाही उशीरच झालेला." हिशेब मनात लावल्यासारखं करून ती म्हणाली. मग उतारा वाचत राहिली. "पप्पा, आजोबांची जन्मतारीख आहे याच्यात."

"बघू." काळुरामांनी कागद लांब धरला. आत गेले, चष्मा घेऊन आले आणि पुन्हा वाचला. "सर्वेश दहावीला आहे," ते म्हणाले, धाकट्याबद्दल. "त्याला लागेल." मग मुलीकडे वळले. "चहा टाक गं. त्या कल्याणशून आल्यात."

रंभाबाईंना चहा नको होता, पण नको म्हणायचंही बळ नव्हतं. त्या बसल्या. माफ केलं असं कोणी म्हणालं नाही, त्यांनी माफी मागितलीही नाही. सान्वीने कप ठेवला आणि ती आत अभ्यासाला गेली.

पावसाळा संपेपर्यंत एक्केचाळीसपैकी तेहेतीस जणांच्या हातात उतारे पोचले. आठांचा पत्ता लागला नाही. ते लिफाफे नाव-गाव घालून कपाटात ठेवलेत. स्टार टाकला तर निदान तो चालत नाही अशी सूचना तरी दिसू दे, असा अर्ज तिने संस्थेला दिला. तो विचाराधीन आहे. दरम्यान शेजारच्या टेबलावरच्या प्रीतीला तिने समोर बसवून टक्के आणि खालची रेघ या दोन्ही खुणा शिकवल्या आणि तिच्याकडून दहा-दहा नावं शोधून घेतली.

"मॅडम, कळलं मला," प्रीती म्हणाली.

"अजून एकदा कर," रंभाबाई म्हणाल्या, आणि दुखरा खांदा दाबत खुर्चीत मागे टेकल्या.