खळीत घालायची मेथी

वनमाला प्रधान यांनी मुलुंडच्या शाळेत तेहतीस वर्षं चित्रकला शिकवली. पोरांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवलं, रेघेबाहेर रंग गेला की कान धरला. एवढं करून निवृत्तीनंतर रविवारच्या वर्गाला सोसायटीतली मुलं किती? दोन. त्यातली एक सख्खी नात अबोली, आणि आता तीही तळमजल्यावरच्या जानकीकडे पळाली.

जानकी सावंत सातवी शिकलेली, देवगडची. तिचा वर्गबिर्ग काही नाही. दारात सतरंजी टाकायची आणि म्हणायची, "घरातलो कचरो घेवन येवा रे!" अंड्यांच्या ट्रेचा लगदा खळीत कालवून खडक, नारळाच्या शेंडीची होडी, कांद्याच्या पिशवीचं जाळं, लसणीच्या सालींच्या लाटा. भल्यामोठ्या पुठ्ठ्यावर समुद्र उभा राहिला. अबोलीनं आजीला तो दाखवायला ओढतच खाली आणलं.

"आजी, हात लावून बघ ना! तुझ्या चित्राला हात लावला की तू ओरडतेस."

झालं! वनमालाबाईंच्या अंगाचा तिळपापड. तरी हात लावला. लाट बोटांखाली खरखरली, आणि ती आपल्याला कधी सुचली नाही हेच जास्त झोंबलं.

"खळीत काय घातलंस गं?"

"मैदो नि पाणी. आनी काय घालूचा?"

मेथीची पूड नाही घातली तर अशा खळीला आठवड्यात बुरशी धरते, हे बाई झोपेतही सांगतील. सांगितलं का? छे! "छान आहे हं," म्हणाल्या आणि लिफ्टकडे वळल्या. पुढच्या रविवारी सोसायटीच्या कार्यक्रमात चित्र लागणार होतं. लागू दे की!

रविवारी हॉलमध्ये चित्रावरची चादर काढली, तर खडक हिरवे-पांढरे, लवदार.

"शेवाळ!" पोरं नाचायलाच लागली. "खडकाला खरं शेवाळ आलं!"

"शेवाळ कसलं, बुरशी आहे ती!" बाईंना राहवलं नाही. "मला ठाऊकच होतं!"

अबोली वळली. "ठाऊक होतं? मग सांगितलं का नाहीस?"

जानकी रागावली असती तर बाईंना भांडता तरी आलं असतं. ती एवढंच म्हणाली, "बाई, काय घालूचा होता?"

"मेथी," बाई पुटपुटल्या. "मेथीची पूड."

सोमवारी त्या डबा घेऊन जानकीच्या दारात उभ्या राहिल्या. खडक नव्यानं करायचे होते. जानकीनं सरकून जागा दिली. अबोली तिलाच रेलून बसली होती. वनमालाबाईंनी ते आधी पाहिलं, आणि मग डबा उघडला.