जखम भरू नये म्हणून

"उजेडात धरा, मग बोला," असं म्हणून रफूकाका कापड आपल्या हातात द्यायचे आणि मुद्दाम दुसरीकडे बघत बसायचे. रफू केलेली जागा गिऱ्हाइकाला सापडणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असायचं, तरी शोधायला लावायचे. पुण्यात कौतुक मागून घ्यायची पद्धत नाही. अशा आडवाटेनं घेतलं तर चालतं.

कसबा पेठेत एका बोळाच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक सतरंजी, एक खिडकी आणि सुयांची डबी. मी जवळच्याच डोळ्यांच्या दवाखान्यात डोळ्यांचा दाब मोजते. रफूकाका तिथे दर महिन्याला यायचे, कारण त्यांना काचबिंदू होता. डावा डोळा जवळपास गेलेला, सगळी मदार उजव्यावर. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळायची असते, हे मी रोज दहा जणांना सांगते आणि दहाही जण माझ्याकडे रागानं बघतात. काका म्हणाले, "कापडासारखंच की. विरलं ते विरलं."

मशीनवर हनुवटी टेकवली की त्यांचं लक्ष माझ्या एप्रनच्या कोपराकडे जायचं. दाराच्या कडीत अडकून तिथे भोक पडलं होतं. या भोकासमोर बसायला लावणं म्हणजे आपला अपमान आहे, असं ते दर वेळी ऐकवायचे. एकदा मी एप्रन काढून त्यांच्यापुढे धरला. तेव्हा नको म्हणाले. थेंबांनी डोळ्यावर धुकं येतं, बारीक वीण आता दिसत नाही, सुईत दोरासुद्धा बायको ओवून देते. एवढं बोलून ते उठले, पुढे काही टोमणा मारला नाही. मला तेव्हा फार वाईट वाटलं.

थेंबांनी दाब उतरेना, तशी डॉक्टरबाईंनी ऑपरेशन सुचवलं. डोळ्यातलं पाणी निघून जावं म्हणून वरच्या पापणीखाली एक बारीक वाट करायची. अडचण एवढीच, की शरीराला ती वाट म्हणजे जखम वाटते आणि ते ती भरून काढायला धावतं. म्हणून ऑपरेशन चालू असतानाच त्या जागी थोडा वेळ जखम भरू न देणाऱ्या औषधाचा बोळा ठेवतात. पुढे गरज लागली तर इंजेक्शनंही देतात. काकांनी आणि काकूंनी हे सगळं मान डोलावत ऐकलं. आपण सगळेच दवाखान्यात जसं ऐकतो, तसं.

ऑपरेशननंतर तीन आठवडे दाब छान राहिला. चौथ्या आठवड्यात आकडा बारावरून एकदम चोविसावर गेला. मी दोनदा मोजला. काका मात्र खुशीत होते. लहानपणापासून आपली जखम लगेच भरते, असं ते अभिमानानं सांगत होते. डिंकाचे लाडू चालू होते, हळदीचं दूध चालू होतं आणि जखम लवकर भरू दे म्हणून काकूंनी पेठेतल्या गणपतीला अकरा नारळांचं तोरण बोललं होतं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, लाडवांचा काही दोष नाही, पण ही जखम भरायलाच नको होती. वाट बुजली तर हाही डोळा जाईल.

काकांनी मशीनवरची हनुवटी उचलली. मग म्हणाले, "म्हणजे आतून कुणीतरी रफू करतंय."

"हो. आणि हात चांगला आहे त्याचा," बाई म्हणाल्या. "आपल्याला उसवायचंय."

दुसऱ्या दिवशी डोळा बधिर करून बाईंनी बारीक सुईनं ती वाट मोकळी केली आणि शेजारी इंजेक्शन दिलं. आयुष्यभर सुईनं भोकं बुजवणारे काका निमूट पडून होते. निमूट म्हणजे, सुई कितव्या नंबरची आहे एवढंच त्यांनी तीनदा विचारलं.

काकू बाहेरच्या बाकावर दिसल्या नाहीत. तासाभरानं आल्या, कपाळाला शेंदूर लावून. कुठे गेला होता म्हणून मी विचारलं.

"मागचा नवस मागे घेतला," त्या म्हणाल्या. "देवाला सांगितलं, माझी चूक झाली. जखम भरू देऊ नकोस. नारळ तेवढेच."

आमचा अख्खा दवाखाना हसला. काकू हसल्या नाहीत. देवाला एकाच कामासाठी दोनदा त्रास दिला, याचं त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

पुढे आणखी दोन इंजेक्शनं झाली आणि आकडा अकरावर येऊन थांबला, तो तिथेच राहिला. त्या दिवशी मी तो इतक्या मोठ्यानं सांगितला की रांगेतल्या लोकांना वाटलं, मी कुणाचा तरी नंबर पुकारतेय.

काही महिन्यांनी, थेंब बंद होऊन डोळ्यावरचं धुकं गेल्यावर, काका वेळ न घेताच आले आणि एप्रन मागून घेऊन गेले. आठवड्यानं आणून दिला. "उजेडात धरा, मग बोला." मी धरला. कुठली बाही फाटली होती तेही कळेना. दोरा कुणी ओवला, असं विचारल्यावर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, त्या कामातून बायकोला सुट्टी दिली आहे.

मग त्यांना ती वाट बघायची हौस आली. मी पापणी उचलून मोबाइलवर फोटो काढला. त्यांनी सवयीनं मोबाइलसुद्धा खिडकीकडे धरला आणि कितीतरी वेळ बघत राहिले.

"आयुष्यात पहिल्यांदाच भोक बघून बरं वाटतंय," म्हणाले.

गेल्या उन्हाळ्यात काका गेले, ऐंशीच्या घरात, दुपारच्या झोपेत. महिन्याभरानं काकू स्वतःच्या चष्म्यासाठी आल्या, तेव्हा कळलं. जायच्या आदल्या दिवशी काकांनी शेजारच्या सुनेचा शालू रफू करून दिला होता. दोरा स्वतःच ओवला होता.

"शेवटपर्यंत जखम भरली नाही हो," काकू म्हणाल्या. "गणपतीनं शब्द पाळला."

मग त्यांनी माझा हात धरला, एप्रनचं कोपर खिडकीकडे वळवलं आणि डोळे बारीक करून रफू शोधू लागल्या. मीही वाकून शोधलं. बाहेर रांग खोळंबली होती. आम्हाला दोघींना काही ती जागा सापडली नाही.