आपल्यातलीच नर्स

आमच्या चामराजपेटेत कुणी "मुलीचं बघायचं आहे" म्हटलं की दुसरा लगेच म्हणतो, "मग अंबुअक्काला भेट." अंबुअक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, अंबुबाई. नोकरी बनशंकरीच्या एका शाळेत नर्सची, आणि हौस लग्नं जुळवण्याची. नोकरीनं तुमचं पोट भरतं आणि हौसेनं मन, असं मी तिला चिडवायचे. बेंगळुरात आपली मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहिली, घरात निम्मी कन्नड बोलायला लागली, पण सोयरीक अजून आपल्यातच हवी. आणि आपल्यात घरं तरी किती? कुणाची मुलगी कितवीत, कुणाचा मुलगा तापट, सगळं अक्काला तोंडपाठ.

शाळेत मात्र ही बाई निराळी. तिच्या सिक रूममध्ये दोन खाटा, वजनकाटा आणि औषधांचं कुलपाचं कपाट. मुलाला शाळेत औषध द्यायचं असेल तर डॉक्टरची चिठ्ठी हवी, आईबापाची सही हवी, औषध मूळ पाकिटात हवं आणि पाकिटावर मुलाचं नाव हवं. यातलं एक कमी असलं तरी ती साधी तापाची गोळी देत नसे. सकाळी घरी गोळी देऊन, ताप दाबून पाठवलेलं पोर ती डोळ्यांवरून ओळखायची आणि आईला ऑफिसातून बोलावून घ्यायची. पुण्या-मुंबईहून आलेल्या आयटीतल्या आया फोनवर तिच्याशी इंग्लिशमध्ये भांडायच्या, ही मराठीत उत्तर द्यायची. पण भांडून का होईना, त्या बायका सगळं सांगायच्या. दम्याचा पंप, ॲलर्जीची इंजेक्शनं, सगळं नावानिशी आणून द्यायच्या.

न सांगणारे ते आपलेच.

जूनच्या पालकसभेत अक्का उभी राहून सांगायची, "मुलाला जे असेल ते मला सांगा. माझ्याकडून बाहेर जाणार नाही." आपले लोक हसून मान डोलवायचे आणि काही न सांगता घरी जायचे. आज नर्स म्हणून हिला सांगायचं आणि उद्या हिच्याचकडे मुलीची पत्रिका न्यायची, कोण सांगेल? बरं, अक्का कधी कुणाचं बोलली नाही, हे मी देवाची शपथ घेऊन सांगते. पण एकदा एका घरानं एका मुलीची चौकशी केली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "दुसरीकडे बघा." आठवड्यात अख्ख्या पेटेला कळलं की मुलीत काहीतरी आहे. अक्कानं नाव घेतलं नव्हतं की गाव, लोकांनी तिच्या गप्प बसण्याचाच अर्थ लावला.

आमच्याच गल्लीतल्या संयोगिताच्या दोघी मुली अक्काच्या शाळेत होत्या. वेदिका नववीत, सिद्धी पाचवीत. वेदिका वर्गात मध्येच कुठेतरी बघत राहायची, हाक मारली तरी ऐकू जायचं नाही. बाईंनी तिला लक्ष देत नाही म्हणून दोनदा वर्गाबाहेर उभं केलं आणि तिसऱ्यांदा सिक रूममध्ये पाठवलं. अक्कानं तिला तोंड उघडायला लावलं. जिभेची कड चावलेली होती. त्या संध्याकाळी तिनं शाळेच्या फाटकाशी संयोगिताला गाठलं आणि हळूच विचारलं, हिला फिट येते का?

"अय्यो, तसलं काही नाही अक्का," संयोगिता म्हणाली. "सकाळी न खाता येते. स्वल्प अशक्तपणा आहे, एवढंच."

मग एका सोमवारी प्रार्थनेच्या रांगेत वेदिका कोसळली. हातपाय झटके देऊ लागले. खेळाचे सर किल्ल्यांचा जुडगा घेऊन धावले, कुणी नाकाला लावायला बूट काढला. अक्का अशी ओरडली की मुख्याध्यापकही मागे सरले. तिनं पोरीला कुशीवर वळवलं, कॉलर सैल केली, डोक्याखाली स्वतःच्या पदराची घडी ठेवली आणि कुणालाही तोंडात काही घालू दिलं नाही. फिट आपोआप थांबली. शुद्धीवर आल्यावर पोर काय म्हणाली? "अज्जी, अम्माला सांगू नका की तुम्ही पाहिलं म्हणून." आणि मग रडत रडत तिनंच सगळं सांगितलं. फिट येऊ लागून दोन वर्षं झाली होती. सकाळ-संध्याकाळ गोळ्या होत्या. फिट लवकर थांबली नाही तर नाकात मारायचा फवारा डॉक्टरांनी दिला होता, शाळेत ठेवा म्हणून बजावलंही होतं. तो अम्माच्या कपाटात साड्यांमागे होता.

शाळेचा नियम सरळ होता. डॉक्टरची चिठ्ठी आणि तो फवारा सिक रूममध्ये आल्याशिवाय वेदिकाला वर्गात बसता येणार नव्हतं. त्याच संध्याकाळी संयोगिता आमच्या घरी आली. हातात खण-नारळ. बसायच्या आधीच रडायला लागली.

"तो फवारा मला दे," अक्का म्हणाली. "माझ्या कपाटात कुलपात राहील. कुण्णाला कळणार नाही."

"तुम्हाला कळलं ना, अक्का. आता कळायचं कोण राहिलं?"

मी कॉफी घेऊन दारात उभी होते. मला वाटलं, अक्का आता हिला फाडून खाणार. पण तिचा चेहराच उतरला. मग म्हणाली, "सरी, ठीक आहे. आजपासून मी लग्नं जुळवत नाही. कुणाचंच नाही. मग तर देशील?"

संयोगिता तिच्या पाया पडली. आणि अक्कानं शब्द पाळला, हो! पुढच्याच रविवारी सगळे फोटो, सगळ्या पत्रिका पिशवीत भरल्या आणि ज्याच्या त्याच्या घरी परत देऊन आली. मूलबाळ नसलेल्या, नवरा लवकर गेलेल्या बाईचा तेवढाच विरंगुळा होता. कुणाच्या मांडवात कुणी तिला पुढची खुर्ची दिली की ती आठवडाभर खुशीत असायची. तो विरंगुळा तिनं एका फवाऱ्यासाठी सोडला. मला तर रडूच आलं.

आणि झालं काय? पेटेत कुजबुज सुरू झाली. अंबुअक्कानं एवढी हौस का सोडली? शाळेत काहीतरी घडलं असणार. कुणाच्या मुलीचं? संयोगिताच्या कानावर ते गेलं आणि तिची पाचावर धारण बसली. फवारा आलाच नाही. तिनं दोघी मुलींचे दाखले काढले आणि यशवंतपूरकडच्या एका शाळेत घातलं. तिथं आपल्यातलं कुणी नव्हतं. म्हणूनच तर ती शाळा निवडली.

अक्कानं त्या शाळेला फोन केला. तिथल्या बाई नीट बोलल्या. पण पालकांनी काही सांगितलेलं नाही, बाहेरच्या माणसाच्या शब्दावर आम्ही काही करू शकत नाही, विचारून बघतो, म्हणाल्या. त्यांनी विचारलं. संयोगितानं मुलगी धडधाकट आहे असं सांगितलं आणि अक्काचा फोन उचलणं बंद केलं. अक्का दोनदा तिच्या दारापर्यंत गेली. दार उघडलं नाही.

दिवाळीनंतर एका दुपारी, मोठ्या सुट्टीत, वेदिकाला बाथरूममध्ये फिट आली. सुट्टी संपून तास सुरू झाला तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं. त्यांना वाटलं, चक्कर आली. उताणं निजवून तोंडात पाणी घातलं. त्या बिचाऱ्यांना तरी काय माहीत? फिट थांबतच नव्हती. ॲम्ब्युलन्स आली, आणि दवाखान्यात पोचायच्या आत वेदिका गेली. वेळेवर फवारा मिळाला असता तर वाचली असती का, हे डॉक्टरांनी ठाम सांगितलं नाही. अक्काला त्याबद्दल काही विचारायची माझी छाती झाली नाही.

आम्ही दोघी संयोगिताकडे भेटायला गेलो. पायऱ्यांवर भूमिका भेटली, आमच्या ओळखीतली. तिचा अद्वैत अक्काच्याच शाळेत सातवीत. तिनं अक्काला बाजूला घेतलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "अक्का, सोमवारी सिक रूममध्ये येऊ का? अद्वैतबद्दल जरा बोलायचं होतं." अक्का म्हणाली, "ये, नक्की ये." तिनं भूमिकाचा हात घट्ट दाबला.

आत बायकांनी खोली भरली होती. संयोगिता चटईवर बसली होती, डोळे कोरडे. तिच्यामागे भिंतीला टेकून सिद्धी. नेमकं काय झालं, असं कुणीतरी विचारलं. "हार्टचं होतं," संयोगिता म्हणाली. "जन्मापासून. आम्हाला कळलंच नाही."

सगळ्या बायका अक्काकडे वळल्या. नर्स ती. आपल्यातली. भूमिकानंच विचारलं, "फिटबिट नव्हती ना, अक्का?"

संयोगितानं मांडीवर हात जोडले होते, कुणाला दिसू नयेत असे. तिनं सिद्धीकडे पाहिलं आणि मग अक्काकडे.

"नाही," अक्का म्हणाली. "हार्टच."

मला त्या क्षणी तिचा राग आला, अजूनही येतो. एक पोर मेलं तरी खोटं? मी असते तर ओरडून सांगितलं असतं, असं वाटतं. पण ती दहा वर्षांची मुलगी भिंतीला टेकून आमच्याकडे बघत होती, ती मलाही दिसत होती, आणि मीही गप्पच बसले.

निघताना भूमिका पुन्हा पायऱ्यांवर भेटली. चेहरा मोकळा झालेला. "अक्का, सोमवारचं राहू दे," ती म्हणाली. "तसं काही विशेष नव्हतं. मी उगाच घाबरले होते."

अक्कानं तिला दोनदा विचारलं, तिथंच, मग फोनवर. काही नाही, काही नाही. आता रोज प्रार्थनेच्या वेळी अक्का मैदानात अद्वैतच्या रांगेच्या मागे जाऊन उभी राहते. तो पडला तर तेवढं कुशीवर वळवता येईल. द्यायला तिच्याकडे काहीच नाही.