काठाचा तुकडा

मी आज पॅथॉलॉजिस्ट आहे तो सटाण्याच्या धोंडगे सरांमुळे. शाळेत एकच मायक्रोस्कोप होता. सर त्याखाली कांद्याची साल ठेवत आणि म्हणत, "आधी काठ शोध. मग आत शिर." आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, तोही सरांच्याच आग्रहामुळे.

नव्वदच्या दशकात मी नाशिकच्या एका हॉस्पिटलमध्ये होतो. गाठीचा तुकडा मेणात बसवायचा, पातळ काप रंगवून मायक्रोस्कोपखाली पाहायचा आणि गाठ कुठल्या जातीची ते सांगायचं, हे माझं काम. एकदा मधुकर नावाच्या तरुणाच्या डाव्या मांडीतल्या गाठीची स्लाइड आली. पेशी वेड्यावाकड्या, हाडाच्या कॅन्सरसारख्या.

सर्जनसाहेबांचा फोन आला. "काय म्हणते स्लाइड? पाय काढायचा तर उशीर नको."

"सर, मार लागला होता का त्याला?"

"विचारलं. नाही म्हणतो."

मार लागलेल्या स्नायूतही कधी कधी हाड धरतं. त्या गाठीचा मध्य कॅन्सरसारखा दिसतो. काठाला मात्र नीट बसलेलं हाड असतं. माझ्याकडे फक्त मध्य आला होता.

मी वॉर्डात गेलो. मधुकर सटाण्याकडचाच. सरळ अहिराणीत विचारलं, "मालिश कोठे करी रे भो?"

तो दचकून आईकडे वळला. "माय, येले कसं समजनं?"

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा फाळका, म्हणजे मागची झडप, मांडीवर आदळला होता. मग गावातला मालिशवाला ती रोज तेल लावून रगडत होता.

"मंग सांगं का नाही?"

"मालिशनं सांगं तर डॉक्टर वरडतस ना!"

मी साहेबांकडे काठाचा तुकडा मागितला.

"अहो, बर्फी आहे का ही? काठ पाहिजे, मध्य नको!"

पण दिला. काठाला सुरेख हाड होतं. मी रिपोर्ट लिहिला: कॅन्सर नाही. साहेबांनी मधुकरला विश्रांती सांगितली आणि मालिशवाल्याच्या नावाने मनसोक्त ओरडून घेतलं.

तेव्हापासून मी 'मार लागला का' असं विचारत नाही. 'मालिश कुठे केली' असंच विचारतो.

मधुकर बरा झाल्यावर मी धोंडगे सरांना पत्र लिहिलं:

"आदरणीय सर, साष्टांग नमस्कार. तुम्ही सांगितल्याप्रमाणे काठ शोधला. आपल्याकडच्या एका मुलाचा डावा पाय वाचला. काल तो ट्रॅक्टर घेऊन भेटायला आला होता. त्याच पायाने क्लच दाबून दाखवला. आपला विद्यार्थी."