कॉर्डेल मॅपचं चौथं वर्ष

वेंडल ऑब्रीला कॉलेजने स्पष्ट सांगून ठेवलं होतं की कागदावर आहे तेवढंच वाचायचं. बावीस वर्षं तो कॅलोवे कॉलेजच्या बास्केटबॉल सामन्यांना माइकवरून खेळाडूंची नावं पुकारत होता आणि बावीस वर्षं त्याने कागदावरचंच वाचलं होतं, फक्त नावातले स्वर जरा ताणून. दिवसभर गालिचे विकणाऱ्या माणसाला तेवढी चैन पुरत होती. पण मार्चमधल्या त्या शेवटच्या घरच्या सामन्याला त्याची जीभ कागदावरून घसरली, आणि घसरली ती सरळ कॉर्डेल मॅपच्या आयुष्यात जाऊन पडली.

चौथ्या वर्षाच्या मुलांच्या निरोपाची संध्याकाळ होती. मुलं आईचा हात धरून कोर्टवर येतात, आईच्या हातात फुलं देतात, आणि एरवी शेजाऱ्याच्या प्रेतयात्रेलाही रुमाल न काढणारं गाव त्या दिवशी हमसून रडतं. त्या वर्षी चौथ्या वर्षात दोनच मुलं होती, दोन्ही बाकावर बसणारी. खरा खेळाडू कॉर्डेल तिसऱ्या वर्षात होता. सहा फूट आठ इंच उंच, बोलायला कंजूष. व्यावसायिक संघ उन्हाळ्यात नवी मुलं निवडतात, त्यात याला पहिल्या फेरीत उचलतील असं पेपरवाले छातीठोकपणे लिहीत होते. पहिल्या फेरीत नाव आलं की करार पक्का, आणि आई अर्नेस्टीनची वृद्धाश्रमाच्या लाँड्रीतली नोकरी संपली. मात्र त्यासाठी चौथं वर्ष सोडून जायला हवं होतं. जाईल की थांबेल, एवढा एकच प्रश्न हिवाळाभर गावाला उरला होता. कॉर्डेल स्वतः त्यावर अक्षर बोलला नव्हता.

त्या दोन आया फुलं घेऊन परत निघाल्या आणि वेंडलला भरून आलं. माइक चालूच होता.

"आणि मंडळी," तो म्हणाला, "पुढच्या वर्षी याच दिवशी, याच जागी, आपला कॉर्डेल मॅप आपल्या आईचा हात धरून येणार आहे!"

नऊ हजार माणसं उठून उभी राहिली. बँडवाल्यांना कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी वाजवायला सुरुवात केली. "अजून एक वर्ष! अजून एक वर्ष!" असा गजर छताला जाऊन भिडला. कॉर्डेल वाकून बुटाची नाडी बांधत होता. त्याने मान वर केली, आधी माइकच्या टेबलाकडे पाहिलं, मग वर प्रेक्षकांत बसलेल्या आईकडे. अर्नेस्टीन टाळ्या वाजवत नव्हती. वेंडलला हे दिसलं होतं. दिसलं नाही असं त्याने पुढे बऱ्याच जणांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ड्वाइटच्या न्हाव्याच्या दुकानात त्याची हजेरी घेतली गेली. ड्वाइट 'जाऊ द्या' पक्षाचा.

"वेंडल्या, तू त्या पोराचा कोण रे? बाप की वकील?"

"अरे, एक वर्षाचा तर प्रश्न आहे! पदवी हातात येईल. शिवाय आपण राज्यात पहिले येऊ."

"आपण? तू किती बास्केट मारणार आहेस?"

"शिक्षण कुणी चोरून नेत नाही, ड्वाइट."

"तुला उद्या शिकागोच्या मोठ्या दुकानाने दहापट पगारावर बोलावलं, तर आधी शिक्षण पुरं करतो म्हणशील का? मान सरळ ठेव, नाहीतर कान जाईल."

वेंडलने मान सरळ ठेवली. चार दिवसांनी कॉर्डेलने पेपरवाल्यांना सांगितलं की तो थांबतोय. का, असं विचारल्यावर म्हणाला, "सगळ्यांना सांगून झालंय ना." पेपरने हे वाक्य नम्रपणाचा नमुना म्हणून छापलं. गावाने अर्नेस्टीनच्या दारात एवढे केक आणून ठेवले की तिला ते शेजाऱ्यांना वाटावे लागले. वेंडलच्या दुकानात त्या महिन्यात तीन बायका केवळ हात मिळवायला आल्या आणि जिन्याचे गालिचे घेऊन गेल्या. तो आठवडाभर हवेत होता. त्या आठवड्याची आठवण आली की पुढे कित्येक वर्षं तो एकटा असतानाही खाली बघायचा.

चौथं वर्ष वाईट गेलं असं नाही. कॉर्डेलचा पाय मोडला नाही, पाठ धरली नाही. तसं काही झालं असतं तर वेंडलला निदान नशिबाकडे बोट दाखवता आलं असतं. झालं एवढंच की व्यावसायिक संघांची पारखी माणसं आणखी एक वर्ष वही घेऊन बसली, आणि जितकं जास्त बघावं तितकं त्यांना जास्त खुपायला लागलं. डावा हात कच्चा आहे. पहिलं पाऊल जड आहे. वय एक वर्षाने वाढलं आहे. एका मुलाला एवढा वेळ न्याहाळलं की त्याच्यात खोट सापडतेच, आणि न्याहाळायला वेळ कुणी दिला हे वेंडलला ठाऊक होतं.

मार्चमध्ये अर्नेस्टीन मुलाचा हात धरून कोर्टवर आली. वेंडलने त्या दिवशी कागदाबाहेर एक अक्षर उच्चारलं नाही. फुलं घेऊन परतताना ती त्याच्या टेबलाशी थांबली. "आवाज चांगला आहे तुमचा, मिस्टर ऑब्री," म्हणाली आणि गेली. घरी आल्यावर त्याने मॅव्हिसला, म्हणजे बायकोला, विचारलं, "हे कौतुक होतं का गं?"

"तुला काय वाटतं?"

"मला कौतुक वाटलं."

"मग झोप आता," मॅव्हिस म्हणाली.

जूनमध्ये निवडीचा दिवस आला तेव्हा गाव बोलिंगच्या हॉलमध्ये मोठ्या टीव्हीपुढे जमलं. केक वेंडलने आणला होता. त्यावर साखरेत 'अभिनंदन कॉर्डेल' असं त्यानेच लिहून घेतलं होतं. पहिल्या फेरीत नाव आलं नाही तेव्हा सगळे म्हणाले, दुसऱ्या फेरीत येईल. दुसरी फेरी अर्धी सरली तेव्हा सगळे केककडे बघायचं टाळू लागले. शेवटचं, अठ्ठावन्नावं नाव झालं आणि टीव्हीवर गाडीच्या टायरची जाहिरात लागली. हॉलमध्ये फक्त बोलिंगच्या पिना आपोआप उभ्या राहण्याचा खडखडाट होता. मग कॉर्डेल उठला. त्याने सुरी घेतली, केक कापला, पहिला तुकडा आईला दिला आणि एकेकाला कागदी थाळीत वाढत सुटला. वेंडलपुढे थाळी आली तिच्यात 'अभि' होतं. त्याने ते खाल्लं. न खाता कसं चाललं असतं?

पुढे कॉर्डेल दोन वर्षं पोर्तुगालमध्ये खेळला, एक वर्ष पोलंडमध्ये. तिथला एक संघ हंगामाच्या मध्येच बुडाला. सव्विसाव्या वर्षी तो परत आला, घरं गरम ठेवायच्या भट्ट्या दुरुस्त करायला शिकला आणि एक पांढरी व्हॅन घेऊन कामाला लागला. सहा फूट आठ इंचांचा माणूस लोकांच्या तळघरात घडी घालून शिरायचा आणि काजळी झाडत बाहेर यायचा. काम चोख होतं आणि बोलणं पूर्वीसारखंच कमी. त्याला बघितलं की लोकांना काहीतरी चांगलं बोलायची घाई व्हायची. "पदवी तरी मिळाली बघ तुला!" पदवी समाजशास्त्राची होती. "अजून एकाही भट्टीने विचारली नाही," एवढंच तो म्हणायचा आणि बिल फाडून द्यायचा.

गावातल्या सगळ्या भट्ट्या कॉर्डेल दुरुस्त करायचा, एक सोडून. वेंडल शेजारच्या काउंटीतून माणूस बोलवायचा. तो उशिरा यायचा, जास्त पैसे घ्यायचा आणि मॅव्हिसच्या फरशीवर चिखल करून जायचा. "गावातल्या माणसाला काय धाड भरली आहे?" असं ती दरवर्षी विचारायची आणि वेंडल दरवर्षी हवापाण्यावर बोलायचा. माइक त्याने केव्हाच सोडला होता, घशाचं कारण सांगून. घसा ठणठणीत होता.

एका जानेवारीत पारा शून्याच्या खूप खाली गेला आणि गावाबाहेरचे रस्ते बंद झाले. शेजारच्या काउंटीचा माणूस येईना. नळ गोठायची वेळ आली तेव्हा मॅव्हिसने नवऱ्याला न विचारता फोन केला. व्हॅन दिसताच वेंडल स्वयंपाकघरात जाऊन कपाटातल्या कपबशा मोजू लागला.

"त्याला खाली उजेड लागतोय," मॅव्हिसने त्याच्या हातात बॅटरी कोंबली. "जा."

"तू जा ना."

"माझे गुडघे आणि तुझी लाज, यात जास्त काय दुखतंय ते मला माहीत आहे. जा म्हणते ना!"

तळघरात कॉर्डेल कुशीवर आडवा होऊन भट्टीच्या पोटात हात घालून पडला होता. त्याचे पाय पार कपडे धुवायच्या मशीनपर्यंत पोचले होते. वेंडलने बॅटरी धरली. आत पाना वाजत होता.

"आई बरी आहे ना तुझी?"

"बरी आहे."

"आता आराम करत असेल."

"लाँड्रीत जाते. आज रस्ते बंद म्हणून घरी आहे."

वेंडलने मनातल्या मनात हिशेब केला. ती सदुसष्टची तरी असेल. ओल्या चादरींचं ओझं किती असतं, हे गालिचेवाल्याला वेगळं सांगायला नको होतं. एकोणीस वर्षं जे वाक्य तो आरशापुढे, गाडीत, चर्चच्या मागच्या बाकावर घोळवत आला होता, ते आता तोंडात आलं तर त्याला ना सूर होता ना ताल. बॅटरीचा उजेड भलतीकडेच, भिंतीवर पडला होता.

"कॉर्डेल, त्या दिवशी माइकवर मी जे बोललो, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या मनाचं होतं ते. तुझा शब्द मी देऊन टाकला. तू... तू अजून राग धरून आहेस का माझ्यावर?"

पाना थांबला.

"हो. उजेड इकडे धरा, मिस्टर ऑब्री."