आंधळ्या माशांचा घोळका

मी एका आंधळ्या माशाच्या मेंदूवर संशोधन करतो असं सांगितलं, की आमच्या न्हावरे गावात पहिला प्रश्न येतो, "पण चवीला कसा हाय?" हा मासा खायचा नसतो. गुहेतल्या काळोखात पिढ्यान् पिढ्या राहून त्याचे डोळे गेले. त्यापायी मेंदूत आणि वागण्यात काय काय बदललं, ते आम्ही पुण्यातल्या प्रयोगशाळेत शोधतो. त्याचे नदीतले डोळस भाऊबंद घोळक्यानं पोहतात. हा मात्र वाटण्या झाल्यासारखा एकेकटा हिंडतो.

प्रयोगशाळेत दुरुस्ती निघाली, म्हणून थोडे मासे मी घरी आणले आणि गोठ्याला लागून असलेल्या खोलीत, भिंतीतल्या कडाप्प्याच्या फळीवर टाकी ठेवली. त्याच सुमारास माझ्या शिष्यवृत्तीला मुदतवाढ द्यायची की नाही, हे मार्गदर्शक मॅडम ठरवणार होत्या. दाखवण्यासारखं माझ्याकडं काहीच नव्हतं.

आणि एका पहाटे पाहतो तर सगळे मासे भिंतीकडच्या कोपऱ्यात एकत्र! दुसऱ्या पहाटेही तेच. मला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. जगात कुठं जमले नाहीत ते न्हावऱ्यात जमले होते. मी मॅडमना फोन लावला आणि 'कदाचित' हा शब्द एकदाही न वापरता सगळं सांगितलं. रविवारी त्या स्वतः गाडी घेऊन आल्या.

दिवसभर मासे आपापले हिंडत राहिले. मॅडम टाकीसमोर स्टुलावर बसून. आईनं त्यांना दोनदा जेवायला वाढलं.

"लाजतात मॅडम, नवीन माणूस आहे ना," मी म्हणालो. डोळे नसलेल्या माशांबद्दल.

पहाटेसारखंच संध्याकाळीही आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, म्हशीला धार काढायचं यंत्र लावलं. त्याच्या पंपाची घरघर आमच्याकडं इतकी अंगवळणी पडलीय, की ती कुणाला ऐकूच येत नाही. मासे एकेक करत कोपऱ्यात गोळा झाले.

"बघा," मी छाती काढून म्हणालो.

मॅडमनी माशांकडं न बघता भिंतीवर तळहात ठेवला. भिंत थरथरत होती. पाणी थरथरलं की हे मासे खाणं समजून तिकडं धावतात. हे मी स्वतः नवीन विद्यार्थ्यांना शिकवतो.

"यंत्र बंद करायला सांग," मॅडम म्हणाल्या. मासे पांगले. "चालू." जमले. "बंद." पांगले. मॅडम काही थांबेनात.

शेवटी आबाच दारात आले. "म्याडम, मासं जमलं का न्हाई ठावं न्हाई, पण म्हशीनं पान्हा चोरला. आता थेंब देत न्हाई ती."

मी हळूच विचारलं, "मॅडम, मुदतवाढीचं…"

"देते. भुकेले आणि पोट भरलेले मासे किती वेगानं धावतात, ते मोज. पण 'घोळका' हा शब्द मला कुठं दिसता कामा नये."

"म्याडम," आबा म्हणाले, "मुदत त्याला किती बी द्या, पण पुण्यात द्या."

आईनं टाकीला गुंडाळायला जुनी गोधडी काढलीसुद्धा होती.